कमानीचा भार : कोपरगावच्या एका ग्रंथालयाच्या निमित्ताने

मराठीत कवितासंग्रह प्रसिद्ध झाला की त्यावर परीक्षण येते. नाटकाचा पहिला प्रयोग झाला की आठवडाभरात समीक्षकाचे मत छापून येते. इमारतीच्या वाट्याला मात्र केवळ उद्घाटनाचा वृत्तान्त येतो. फीत कोणी कापली, व्यासपीठावर कोण कोण होते, खर्च किती आला आणि देणगीदार कोण, एवढे सांगून झाले की त्या वास्तूविषयी आपण कायमचे मौन धरतो. वास्तविक, न आवडलेले पुस्तक मिटून ठेवता येते. न आवडलेली इमारत मात्र दोन-तीन पिढ्यांना वापरावी लागते. तिच्यात मुले शिकतात, आजारी माणसे बरी होतात, नवपरिणीत जोडपी वेदीपुढे उभी राहतात आणि शेवटी आपल्याला निरोपही तिच्यातूनच दिला जातो. ज्या कलेशी आपला संबंध इतका दीर्घ आणि इतका अपरिहार्य आहे, तिच्याविषयी आपण काहीच बोलू नये, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. प्रस्तुत लेख ही उणीव भरून काढण्याचा दावा करीत नाही. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या एका वास्तूचे मोल करून पाहावे, आणि त्या ओघात आपण आपली ख्रिस्तमंदिरे, शाळा व सभागृहे कशी बांधतो हेही तपासावे, इतकाच त्याचा हेतू आहे.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या कालव्याचे पाणी या पट्ट्यात खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सोमेश्वरचा सहकारी साखर कारखाना आला आणि उसाच्या पैशाबरोबर सिमेंटही आले. आज या रस्त्याने नीरेकडून बारामतीकडे जाणाऱ्या प्रवाशाला दुतर्फा जी घरे, दुकाने, पतसंस्था, मंगल कार्यालये आणि शाळा दिसतात, त्यांचा सांगाडा एकच : चार, सहा किंवा आठ कॉलम, त्यांवर स्लॅब, मध्ये विटांची किंवा ब्लॉकची भिंत, आणि पुढच्या मजल्याच्या आशेने आकाशाकडे रोखलेल्या लोखंडी सळया. जुन्या कोरडवाहू गावांतील माळवदाची घरे, म्हणजे तुळया व किलचणीवर पांढऱ्या मातीचा थर दाबून केलेली धाब्याची घरे, आता बहुधा गावठाणाच्या मधल्या भागात पडझडीच्या स्थितीतच आढळतात.

हा बदल केवळ अनुकरणातून झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागे. घूस आणि वाळवी यांचा उपद्रव असे. लाकूड महाग झाले. माती दाबणारे जाणते हातही कमी झाले. आणि या साऱ्यावर कडी करणारी एक भीषण घटना घडली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात जो भूकंप झाला, त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले व हजारो जीव गेले. त्या पहाटेनंतर मराठी मुलखातील सामान्य माणसाने दगडमातीच्या घराकडे विश्वासाने पाहणे सोडून दिले असेल, तर त्याला दोष कोण देणार? ‘पक्के घर’ या दोन शब्दांत सुरक्षितता आहे, प्रतिष्ठा आहे आणि गरिबी मागे टाकल्याचे समाधानही आहे. २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली, तेव्हा शासनानेही किमान २५ चौरस मीटरचे घर आणि मैदानी भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य असा हिशेब मांडताना ‘पक्के’ हाच शब्द केंद्रस्थानी ठेवला.

तेव्हा तक्रार स्लॅबविषयी नाही. स्लॅबपाशी येऊन आपला विचार थांबला, ही खरी तक्रार आहे. घर असो, पतसंस्था असो की ख्रिस्तमंदिर असो, पेटी तीच. फरक करायचा तो दर्शनी भागावर चिकटवलेल्या चिन्हांनी. पतसंस्थेला काच, मंगल कार्यालयाला खोटे खांब, आणि ख्रिस्तमंदिराला नोकदार कमान. ही नोकदार कमान जरा नीट पाहण्यासारखी आहे. मध्ययुगीन युरोपातील गवंड्यांनी ती घडवली ती शोभेसाठी नव्हे. उंच दगडी छताचा भार भिंतींवर कमी रेटा देत खाली उतरावा, म्हणून त्यांनी कमानीला टोक दिले. तिथे आकार हे काम होते. आपल्याकडे मात्र भार वाहतो तो आडवा बीम, आणि त्याच्याखाली प्लॅस्टरने कमान काढली जाते. उद्या ती फोडून टाकली तरी इमारतीला काहीही होणार नाही. जो आकार काढून टाकल्याने काहीच बिघडत नाही, त्याला वास्तुकलेत अलंकार म्हणावे की असत्य, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पाडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यालयाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात केलेल्या तीन कामांकडे पाहावेसे वाटते. पहिले एक शिवमंदिर, दुसरे आंबेडकरानुयायी बौद्ध समाजासाठी बांधलेले साधना व कौशल्य केंद्र, आणि तिसरे एका शाळेचे ग्रंथालय. या तिन्ही वास्तू आपल्या समाजाच्या नाहीत. किंबहुना म्हणूनच त्यांच्याकडे आपण अधिक मोकळ्या मनाने पाहू शकू.

शिवमंदिर पुणे जिल्ह्यातील मावळ भागात वडेश्वर येथे २०१० मध्ये बांधले गेले. पुजारी आणि ग्रामस्थ यांच्याशी चर्चा करून त्याची आखणी ठरली, जवळच्याच खाणीतील काळा दगड वापरला गेला आणि ग्रामस्थांनी श्रमदान केले. शिखराची परंपरागत रूपरेषा कायम ठेवून तिच्यावरील कोरीवकाम मात्र गाळून टाकले आहे. मंदिरापुढे बांधीव मंडप नाही. भोवतालची झाडी हाच मंडप. येथे रचनाकाराने काय वगळले हे पाहिले की त्याची दृष्टी कळते. ज्याच्यावाचून मंदिर हे मंदिर राहणार नाही, तेवढेच त्याने ठेवले. गावाला जे पेलणार नव्हते, ते सोडून दिले. कोरीवकामाला पैसा नव्हता म्हणून सिमेंटच्या साच्यातली नक्षी आणून बसवली नाही, हा संयम लहान नव्हे.

दुसरे काम, ‘जेतवन’, हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीचे. साखर कारखान्याच्या या परिसरातील दाट झाडीत २०१६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. एकही झाड तोडायचे नाही हा पण आधी केला गेला, आणि मग झाडांच्या मधल्या मोकळ्या जागांत, अंगणांभोवती, लहान लहान इमारती बसवण्यात आल्या. दगडाच्या खाणीत वाया जाणारी भुकटी ठोकून, दाबून भार वाहणाऱ्या भिंती केल्या. छपरासाठी जुने लाकूड आणि जुनी कौले पुन्हा वापरली. या कामात भुजच्या ‘हुन्नरशाला’ या संस्थेचे साहाय्य होते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ही संस्था आकाराला आली. भूकंपानंतर मातीकडे पाठ फिरवण्याऐवजी मातीचे बांधकाम भूकंपात टिकेल असे कसे करता येईल, याचा अभ्यास तिने हाती घेतला. किल्लारीने आपल्या मनात जी भीती रुजवली, तिचे एक उत्तर कच्छमध्ये असे तयार होत होते.

परंतु या तिन्हींत ज्या वास्तूने मला अधिक विचारात पाडले, ती म्हणजे कोपरगावच्या शारदा शाळेतील ‘माया सोमय्या ग्रंथालय’. २०१८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत आकाराने लहान आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेमुळे आपल्या अनेक कुटुंबांना तो जिल्हा परिचित आहे. त्या बाजूला जाणे झाल्यास तिची आठवण ठेवावी. छायाचित्रांत पाहताना प्रथम ती इमारत वाटतच नाही. जमीनच जणू एका ठिकाणी हळूच वर उचलली गेली आहे, आणि तिच्याखाली मुले वाचत बसली आहेत. छप्पर विटांचे आहे, वक्र आहे आणि जमिनीपर्यंत येऊन टेकते. त्यामुळे मुले त्याच्यावर चढतात, खेळतात, उतरतात. ज्या ग्रंथालयाच्या पाठीवर मुलांना चढता येते, त्याच्या पोटात शिरायला त्यांना भीती वाटणार नाही. आपल्याकडे ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाटे आणि ‘शांतता राखा’ ही पाटी. ती समजूत येथे एका शब्दावाचून मोडली गेली आहे.

या छताचे मर्म त्याच्या जाडीत आहे, किंवा जाडीच्या अभावात आहे. विटांचे पातळ तीन थर एकावर एक, एवढेच ते कवच. त्याच्या वक्र पृष्ठाला स्लॅबसारखा सळयांचा जाळा लागत नाही. मग ते उभे कसे राहते? हातातील जपमाळ दोन बोटांनी दोन टोकांशी धरून मध्ये सैल सोडावी. ती आपोआप एक वक्र रेषा धारण करते, आणि त्या रेषेत प्रत्येक मण्यावर केवळ ताण असतो. तीच रेषा जशीच्या तशी उलटी करून विटांत बांधली, तर प्रत्येक विटेवर केवळ दाब येतो. विटेला ताण सोसत नाही, दाब मात्र ती उत्तम सोसते. हे तत्त्व इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने १६७५ मध्ये नोंदवून ठेवले आहे. कोपरगावच्या छताचा आकार ठरवताना याच तत्त्वावर चालणारी ‘ऱ्हायनोव्हॉल्ट’ ही संगणकप्रणाली वापरली गेली; झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ती विकसित केली आहे. सारांश, हा आकार कोणाच्या लहरीतून आलेला नाही. विटेला जे मानवते ते विचारून तो ठरवला आहे. नोकदार प्लॅस्टरच्या कमानीशी त्याची तुलना केली, म्हणजे सत्य आकार कशाला म्हणावे हे सहज ध्यानी येते.

विटांची ही विद्या स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरून आलेली आहे. तेथील गवंडी पातळ विटा आडव्या ठेवून, लवकर घट्ट होणाऱ्या जिप्समच्या लेपाने एकमेकींना कडेने चिकटवीत, अगदी थोड्या सेंटरिंगवर कमानछत उभे करीत. मग त्यावर सांधे मोडत दुसरा व तिसरा थर देत. व्हॅलेन्सियाचा राफाएल ग्वास्ताविनो ही कला घेऊन १८८१ मध्ये अमेरिकेला गेला. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची कमानछते त्याची आहेत. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर युरोपातून आलेल्या लाखो स्थलांतरितांची नोंदणी ज्या दालनात झाली, त्याचे छत त्याच्या मुलाच्या काळात, १९१८ मध्ये, याच पद्धतीने घडले. एका प्रदेशातील गवंड्यांचे हस्तकौशल्य असे एका महानगराची ओळख बनले. आपणही या विद्येला अगदी परके नाही. १६५६ मध्ये पूर्ण झालेला विजापूरचा गोल घुमट वीट आणि चुना यांचाच आहे, आणि त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर भरतो. गावोगावच्या वेशी आणि बारवांच्या कमानी ही त्याच ज्ञानाची धाकटी भावंडे होत. आपण ती विसरलो इतकेच.

परंतु कोपरगावच्या ग्रंथालयाचे आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे नाते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाशी आहे. तेथील अभियंता एलादिओ दिएस्ते (१९१७–२०००) याने आयुष्यभर विटेचाच विचार केला. पोलाद आणि सिमेंट महाग, वीट स्वस्त व गावची, आणि गवंडी चांगले, अशी त्याच्या देशाची स्थिती होती. आपल्या स्थितीपेक्षा ती फार निराळी नव्हती. श्रीमंत देशांतील इमारतींची गरीब नक्कल करण्याचे त्याने नाकारले. धान्याची कोठारे, बाजार, कारखाने यांवर त्याने विटांची विशाल छते घातली. त्याचा सारा सिद्धान्त एवढाच की, बळकटी साहित्याच्या राशीतून येऊ नये, आकारातून यावी. सपाट कागद उभा राहत नाही. त्याला घड्या घातल्या की राहतो. घराघरांवरचा पन्हाळी पत्रा हेच सांगत असतो.

या दिएस्तेचे पहिले थोर काम म्हणजे माँटेव्हिडिओपासून काही अंतरावरील अत्लांतिदा स्थानकाजवळच्या श्रमिक वस्तीतील ख्रिस्तमंदिर. १९५८ ते १९६० या काळात ते बांधले गेले आणि श्रमिक ख्रिस्त व लुर्द्सची माता यांना अर्पण करण्यात आले. सुमारे १६ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब अशा या मंदिराच्या भिंती पायाशी सरळ रेषेत सुरू होतात आणि वर जाता जाता लाटांसारख्या वळू लागतात. छतही लाटांचेच. पातळ विटांच्या भिंतींना या लाटांनीच बळ दिले आहे. आत प्रकाश थेट डोळ्यांवर येत नाही. विटांवरून झिरपत वेदीपाशी उतरतो. स्नानसंस्काराची जागा जमिनीखाली आहे. बाहेरून खाली उतरायचे, आणि संस्कार होऊन पुन्हा वर, उपासक समुदायात यायचे. मृत्यूतून जीवनाकडे येण्याचा जो अर्थ त्या संस्कारात आहे, तो येथे पायांना कळतो. दिएस्ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता. गरिबांच्या मंदिरात काटकसर असावी, पण ती सौंदर्यात असू नये, हा त्याचा आग्रह त्या इमारतीच्या प्रत्येक विटेत वाचता येतो. २०२१ मध्ये युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. एका उपेक्षित वस्तीचे, तेथल्या मातीच्या विटांचे प्रार्थनामंदिर आज जगाचे धन मानले जाते, हे आपण ध्यानात ठेवावे.

येथवर गुण सांगितले. आता शंकाही स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली शंका ‘स्थानिक’ या शब्दाविषयी आहे. परदेशी कंपनीच्या तुलनेत मुंबईचे कार्यालय स्थानिक खरे. पण कोपरगावला मुंबई किती स्थानिक? आकार संगणकाने ठरवला, त्या संगणकाची विद्या झ्युरिकची, आणि विटा रचण्याची रीत स्पेनची. यात गैर काही नाही. ज्ञानाला सीमा नसतात, आणि श्रद्धेचेही तसेच आहे, ती तरी आपल्याकडे कोठून आली? प्रश्न निराळा आहे. काम पूर्ण होऊन रचनाकार परत गेल्यावर तालुक्यातील गवंड्याच्या हाती काय उरले? त्याला उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीवर तसेच लहानसे छत घालता आले, तर ग्रंथालयाचे खरे उद्घाटन त्या दिवशी झाले असे म्हणता येईल. ते जमले नाही, तर ती एक सुंदर वस्तू म्हणून उरेल, आणि ऊसपट्ट्यात पुन्हा स्लॅबच पडत राहतील. दिएस्तेची थोरवी एका मंदिरात सामावलेली नाही. त्याच्या कंपनीने तीच रीत दशकानुदशके, अनेक साध्यासुध्या इमारतींत वापरली, आणि त्यातून विटा रचणारे हात तयार झाले.

दुसरी शंका व्यवहाराची आहे. आपल्या ऊसपट्ट्यात काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात हे प्रत्येक घरमालक जाणतो. कमानछत खाली भार देते तसा बाजूलाही रेटा देते. त्याचे पाय सरकले तर ते उघडते. म्हणून असे छत उभारायचे तर पाया, कडेचा बीम आणि ताणपट्ट्या यांचा हिशेब जाणत्या अभियंत्यानेच करायला हवा. किल्लारीचा धडा विसरून ‘जुने तेच सोने’ म्हणत दगडमातीकडे परतणे जितके घातक, तितकेच छायाचित्र पाहून एखाद्या ठेकेदाराला तसेच छत घालायला सांगणेही घातक. विटेचा आकार सत्य असतो तो गणित सत्य असेल तरच.

तिसरी शंका अधिक अवघड आहे, आणि ती ‘जेतवन’च्या संदर्भात विशेष टोचते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर मातीच्या झोपडीत दिवस काढले, त्याच्यासाठी माती हे सौंदर्य नसते, आठवण असते. शहरी रसिकाला मातीच्या भिंतीत ऊब दिसते; ज्याची भिंत पावसात विरघळली आहे त्याला तसे दिसेलच असे नाही. आपल्या समाजातही नगर जिल्ह्यापासून पुण्यापर्यंत अशी असंख्य कुटुंबे आहेत, ज्यांचे आजोबा-पणजोबा याच अनुभवातून गेले. तेव्हा ‘स्थानिक साहित्य वापरा’ हा उपदेश गरिबांना करायचा आणि आपण स्वतः संगमरवर वापरायचा, असे होता कामा नये. ‘जेतवन’च्या बाजूने इतके नक्की म्हणता येईल की, तेथे टाकाऊ दगडभुकटीला दाबून, शिस्त लावून भार वाहायला लावले आहे, ती झोपडीची माती नाही. पण हा फरक वापरणाऱ्याच्या मनाला पटला पाहिजे, आणि तो पटवण्याचे काम रेखाचित्रे करू शकत नाहीत. ते सहवासानेच होते.

याच ठिकाणी आणखी एका बांधकामाची आठवण ठेवणे भाग आहे. दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की सोमेश्वर काय किंवा कोपरगाव काय, कारखान्यांच्या भोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या तट्ट्या, पाचट, फाटका ताडपत्रीचा तुकडा. एका दिवसात उभे राहणारे आणि हंगाम संपताच मोडणारे घर. ऊसपट्ट्यातील सर्वांत अधिक वेळा बांधले जाणारे आणि सर्वांत कमी विचार केले जाणारे घर हेच होय. तेही स्थानिक साहित्याचे आहे, हलके आहे, काटकसरीचे आहे; पण त्यातील काटकसर निवडलेली नाही, लादलेली आहे. उसाच्या संपत्तीवर उभ्या राहिलेल्या संस्थांनी उत्तम ग्रंथालये बांधावीत. परंतु ज्याच्या कोयत्यावर ही संपत्ती उभी आहे, त्याच्या मुलाला त्या छताच्या सावलीत बसता येते की नाही, हा प्रश्न वास्तुसमीक्षेच्या बाहेरचा म्हणून टाळता येणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेवर जो दस्तऐवज संमत केला, त्यात ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, हे स्पष्ट केले आहे; प्रत्येक काळाच्या आणि प्रत्येक जनसमूहाच्या कलेला तिने मोकळी वाट ठेवली आहे, आणि डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याला पसंती दिली आहे. म्हणजे नोकदार कमान नसेल तर ते ख्रिस्तमंदिर वाटणार नाही, ही समजूत ख्रिस्तसभेची नाही, आपली आहे. मुंबईत दादरला चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात सॅल्व्हासांव मातेचे मंदिर घडवले, त्याला आता अर्धशतक होत आले. तेथे एकच प्रचंड दालन नाही. अंगणे आणि छताखालच्या जागा एकमेकांत गुंफल्या आहेत, आणि वरची काँक्रीटची कवचे प्रकाश आत घेतात व उष्ण हवा वर जाऊ देतात. आपल्या हवेत उपासना अर्धी अंगणात होते, हे कोरियांनी ओळखले. कोणत्याही खेड्यातील सणाच्या मिस्सेला आत शंभर आणि बाहेर मांडवात चारशे माणसे बसतात. तरीही नवे मंदिर बांधताना आपण त्या चारशेंचा विचार करत नाही, आणि मग पत्र्याची शेड पुढे जोडतो. ती शेडच खरे तर त्या समुदायाची गरज सांगत असते.

म्हणून, पुढच्या वेळी धर्मग्रामात नव्या मंदिराची, शाळेची वा सभागृहाची चर्चा निघेल तेव्हा, देणगीदारांची यादी करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत अशी विनंती आहे. या इमारतीतला कोणता आकार भार वाहतो आणि कोणता नुसताच मिरवतो? एप्रिल-मे महिन्यात वीज गेली तर आत बसता येईल काय? पावसात बाहेर उभे राहणारे लोक कोठे उभे राहतील? आपल्याच वस्तीतले जे गवंडी, सुतार, फरशी बसवणारे आहेत, त्यांना या कामातून मजुरीखेरीज काही नवे शिकायला मिळेल काय? आणि ज्याच्या घरावर अजून पत्रा आहे, त्याला या दारातून आत येताना संकोच वाटेल की आधार वाटेल? या प्रश्नांना वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. घर चालवणाऱ्या कोणत्याही माउलीला ते विचारता येतात, आणि बहुधा तिचीच उत्तरे अधिक अचूक असतात.

कोपरगावचे ग्रंथालय या सर्व प्रश्नांना उत्तीर्ण होते, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या प्रश्नात ते उत्तम उतरते. चौथ्याचे उत्तर काळच देईल. परंतु ते पाहिल्यावर एक सबब आपल्याला पुन्हा देता येणार नाही. ‘आमच्याकडे पैसा कमी, साहित्य साधे, म्हणून इमारत अशीच होणार’ ही ती सबब होय. वीट तीच आहे, आपल्याच भट्टीवरची, दगडाची भुकटी आपल्याच खाणीतली, गवंडीही आपलाच. उणीव आहे ती बांधण्यापूर्वी थांबून विचार करण्याची, आणि तो विचार गवंड्यापर्यंत पोहोचवण्याची. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात येत्या काही वर्षांत आणखी पुष्कळ बांधले जाईल. त्यात आपल्याही काही इमारती असतील. त्या लहान असल्या तरी चालतील. त्यांनी आपला भार स्वतः वाहावा.